उतारावर डावा

“ते चाक थांबवा आधी,” मी म्हणालो.

रियाजभाई बागवानांनी सायकल स्टँडवर चढवून मागचं चाक नुकतंच गरकन फिरवलं होतं. नवं कोरं फ्रीव्हील, पायडल थांबलं तरी चाक मोकळं फिरू देणारं. कट-कट-कट-कट असा आवाज दुकानभर सुटला. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि चाकावर तळवा ठेवला.

“काय झालं सर? आवाज तर असाच पाहिजे. एकसारखा!”

“आवाजाचं राहू द्या. फ्रेमचं सांगा.”

शेजारी माझी पुतणी केतकी वही घेऊन उभी होती. थोरल्या भावाची, उत्तमदादाची, एकुलती एक लेक. वय अठरा, अंगानं चिवट आणि बोलायला फटकळ. डोंगरातल्या सायकल शर्यतीसाठी जिल्ह्याची निवडचाचणी होती आणि तिला त्यात उतरायचं होतं. चाचणी कुठं, तर यवतेश्वरच्या डोंगरात. साताऱ्याला डोंगरांचा काय दुष्काळ आहे? पण घेणाऱ्यांना तोच सापडला. त्याच्याच घाटात चौदा वर्षांपूर्वी दादा सायकलवरून पडून गेला होता. तेव्हा ही चार वर्षांची होती.

ही सायकल घेण्याची गोष्टही आता बारा वर्षांमागची झाली. मी तेव्हा आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवत होतो. पोरं मला तोंडावर फडतरे सर म्हणायची आणि पाठीमागं चिठ्ठीसर. कुठल्याही यंत्रात काडीचा बदल केला की त्यावर चिठ्ठी लटकवायची, हा माझा दंडक. ‘बदल केला आहे, विचारून वापरा’ आणि खाली सही. वर्कशॉपमधला एक नळ उलटा फिरायचा, त्यालाही चिठ्ठी होती. घरी गॅसच्या रेग्युलेटरला होती. बायको म्हणायची, “एक दिवस माझ्या कपाळाला पण लावा. बदल झाला आहे, विचारून बोला.” हसायचे सगळे. मी म्हणायचो, हसा लेको, पण चिठ्ठी लावा.

तर वहिनीनं लेकीला सायकलीची परवानगी दिली, हेच मोठं आश्चर्य होतं. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेईल. तसं काही झालं नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, “घे. पण काकांना घेऊन जा. आणि ब्रेकचं तेवढं काकांना विचार.”

केतकीनं मला हे हसत हसत सांगितलं. मी काही हसलो नाही. ब्रेकचंच का? गिअरचं का नाही, टायरचं का नाही? पंधरा दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात घोंघावत होतं. मग स्वतःलाच समजावलं, अरे बाबा, जिचा नवरा उतारावर गेला ती ब्रेकचंच बोलणार. दुसरं काय बोलेल?

त्या पंधरा दिवसांत आम्ही काका-पुतणीनं साताऱ्यातली नि कोल्हापुरातली दुकानं पालथी घातली. केतकीच्या वहीत सगळं लिहिलेलं असायचं. हार्डटेलच घ्यायची, हे तिचं आधीच ठरलं होतं. पुढं सस्पेन्शन, मागं काही नाही, सगळी कडक. मागंही स्प्रिंग असली की चढाला पायातली ताकद स्प्रिंगच खाते, असं तिनं मला समजावलं. फिटरला! पण पोरीचं खरं होतं. मग चाकं सव्वीस इंची की एकोणतीस, यावर चार दिवस वाद. दोन्ही पाय जमिनीला टेकून उभं राहिलं की मधल्या दांडीपाशी किती बोटं मोकळी राहतात, हे मोजण्यावरून एका दुकानदाराशी भांडण. मी टायर दाबून बघायचो, जोड हातानं चाचपून बघायचो. ब्रेकपाशी आलो की मात्र म्हणायचो, “हं, ठीक आहेत,” आणि पुढं सरकायचो. केतकी तेव्हा वहीतून डोकं वर काढून माझ्याकडं बघायची. का बघते, हे मला कळायचं नाही. किंवा कळायचं, पण नको असायचं.

आणि शेवटी रियाजभाईंचं दुकान. समर्थ मंदिराच्या अलीकडं, चढाच्या तोंडाशी. त्यांच्याकडं दोन सायकली होत्या. हिरवी इथल्याच बनावटीची, साधी, भरवशाची. दुसरी राखाडी, परदेशी बनावटीची, पुण्यातल्या कुणीतरी मागवून मग न घेतलेली. तिला तेलाचे ब्रेक. केबलच नाही, नळीतून तेल दाबलं जातं. केतकीची नजर राखाडीवरून हलेना.

“हिरवी घे,” मी म्हणालो.

“का?”

“तिचे पार्ट सगळीकडं मिळतात.”

“काका, हिरवीचं वजन बघा. चढाला मी तिला नेणार की ती मला?”

रियाजभाई हसले. “पोरीचा हात धरू नका सर. राखाडीच तिच्या मापाची आहे. बसून तर बघू दे.”

केतकी बसली. माप खरोखर तिचंच होतं, जसं काही शिंप्यानं बेतून दिलेलं. मी सवयीनं पुढं झालो, हँडल धरलं आणि डावा ब्रेक दाबला.

पुढचं चाक जागच्या जागी थांबलं.

पुन्हा दाबला. पुन्हा पुढचंच.

आपल्याकडच्या सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि डाव्याला मागचा. बाहेरच्या बऱ्याच देशांत उलटं. ही तिकडची होती, म्हणून उलटी. एवढी साधी गोष्ट. “केतकी, याचा डावा पुढचा आहे, जपून,” एवढं एक वाक्य बोलायचं होतं. लहान पोरानंही सांगितलं असतं.

मी ब्रेक सोडला आणि पँटला हात पुसले. केतकी माझ्याकडं बघत होती. एकटक.

“ब्रेक कसे आहेत काका?” तिनं विचारलं.

“ठीक आहेत,” मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. “मग बोगद्यापर्यंत चढवून आणते,” ती म्हणाली आणि गेलीसुद्धा.

मी दुकानाच्या पायरीवर उभा. ती चढ चढताना दिसत होती, पाठ वाकलेली, वेणी उडतेय. चढाला ब्रेक लागत नाही. लागेल तो उतरताना.

आमच्या घरात एक म्हण होती, दादानंच बनवलेली. मी आठ वर्षांचा असताना त्यानं मला भाड्याच्या सायकलवर बसवून ह्याच रस्त्याला आणलं होतं आणि कानात सांगितलं होतं, “उतारावर डावा, प्रतापा. डावा आईचा, उजवा यमाचा.” म्हणजे उतारावर पुढचा ब्रेक कच्चकन दाबलास तर हँडलवरून तोंडावर पडशील, मागचा दाब. दादा शाळेत खेळाचा मास्तर होता. किती पोरांना त्यानं हे शिकवलं असेल. केतकीलाही ते ठाऊक होतं, वहिनीनं शिकवलेलं. उतारावर डावा!

“रियाजभाई, स्कूटर द्या.”

“आता? कुठं?”

“अहो द्या म्हणतो ना!”

चढावर स्कूटर रडत रडत निघाली. मी मनात काय काय बोललो असेन, देवाला, दादाला, स्वतःला. स्वतःला तर शिव्याच. निम्म्यावर गेलो तर वरच्या वळणावर केतकी सायकल वळवून उभी. एक पाय जमिनीला, तोंड खाली माझ्याकडं. निघायच्या बेतात.

स्कूटर तशीच रस्त्यात टाकून मी हात वर केले आणि ओरडलो, “उतर! केतकी, उतर!”

सायकलवरून उतर, असं मला म्हणायचं होतं. खाली उभा राहून कुणी ‘उतर’ म्हणालं, तर वरच्यानं काय समजायचं? तिनं हात हलवला आणि उताराला लागली.

“अगं उतर! उतरू नको! उतर!”

वारा माझ्याच तोंडावर होता. तिला काय ऐकू जाणार, कप्पाळ! सायकल वेग धरू लागली. आणि तो आवाज आला. पायडल थांबलेलं, चाक सुटलेलं, कट-कट-कट-कट, जवळ जवळ येत. मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभा राहिलो आणि डोळे मिटले. काय करणार होतो मी? तिला झेलणार होतो? पन्नाशीचा माणूस?

खर्र करून खडी उडाली. माझ्या नडगीला दोन खडे लागले. डोळे उघडले तर राखाडी सायकल माझ्यापासून हातभर अंतरावर, मागचं चाक थोडं आडवं गेलेलं. केतकी शाबूत.

“उजवा दाबला,” ती धापा टाकत म्हणाली.

मी खालीच बसलो, रस्त्यात.

“तुला कसं कळलं?”

“आईनं सांगितलंय. कुठलीही सायकल हातात आली की चढायच्या आधी उभं राहून दोन्ही ब्रेक एकेक दाबून बघायचे. दुकानात तुम्ही फ्रेम बघत होता तेव्हाच मी बघून घेतलं.” मग आवाज उतरला तिचा. “काका, आई म्हणाली होती, ब्रेकचं काकांना विचार, ते सांगतील. मी विचारलं. तुम्ही दाबून बघितलात, दोनदा. मला दिसलं. आणि ठीक आहेत म्हणालात.”

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, ड्रायव्हरनं आम्हाला दोन शब्द ऐकवले. केतकीनं मला दंडाला धरून कडेला नेलं. कठड्यावर बसलो. आणि चौदा वर्षं जे बायकोला सांगितलं नव्हतं, ते मी त्या पोरीला सांगितलं.

दादाची गिअरची सायकल मीच पुण्याहून आणली होती आणि रविवारी मीच जोडली होती. मागच्या ब्रेकची केबल डाव्या हाताकडून फ्रेमवर वळताना चिमटत होती, ब्रेक जड जात होता. मी फिटर. माझ्या हाताला जड ब्रेक खपतोय होय! दोन्ही केबलींची अदलाबदल केली. डाव्याला पुढचा, उजव्याला मागचा. केबल सरळ गेली, ब्रेक लोण्यासारखे झाले. स्वतःवरच खूश होऊन मी सायकल भिंतीला लावली, हात धुतले आणि स्वयंपाकघरात चहाला बसलो. सव्वाचार वाजले होते. बायकोनं बशीत चहा ओतून दिला होता आणि मी बशी दोन्ही हातांनी उचललेली होती. तेवढ्यात भिंतीपलीकडून कट-कट-कट असा आवाज गेला. दादा सायकल हातानं ढकलत बोळातून बाहेर नेत होता. “प्रताप, एक चक्कर मारून येतो रे!” असं ओरडलाही.

मला आठवलं की ब्रेकचं सांगायचं राहिलं. तेव्हाच आठवलं, नंतर नाही. पण हातात भरलेली बशी होती. म्हटलं, एवढी संपवू, तो काय लगेच घाटात जातोय? आल्यावर सांगू.

“खडीवरून घसरला असं सगळे म्हणाले,” मी केतकीला म्हणालो. “पंचनाम्यातही तेच. मीही म्हणालो, खडी. खडी नव्हती गं. त्यानं डावा दाबला. त्याचीच म्हण होती.”

केतकी रडली नाही. बराच वेळ सायकलीचा डावा ब्रेक दाबत-सोडत बसली. मग उठली. “हे मला सांगून काय उपयोग काका? घरी चला,” म्हणाली.

आमचं घर तसं एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. वहिनीच्या बाजूला मागं पत्र्याची शेड आहे, ती माझ्या स्वयंपाकघराला टेकून. त्या शेडबद्दल आता सांगायला हवं, कारण हे मी केतकीलाही सांगितलं नव्हतं. दादा गेल्यापासून दर वर्षी नऊ डिसेंबरला, तो गेला त्या तारखेला, दुपारी सव्वाचारला, मला भिंतीतून तो आवाज यायचा. कट-कट-कट-कट. मिनिटभर यायचा आणि मंद होत थांबायचा. पहिल्या वर्षी माझ्या हातून बशी पडली. पुढं मी त्या दिवशी घराबाहेर राहून बघितलं, पण सव्वाचार झाले की पाय आपसूक घराकडं वळायचे. कानाच्या डॉक्टरला दाखवलं. कान ठणठणीत निघाले. मग मी धरून चाललो, दादाच तो. बशीतला चहा संपला का, म्हणून विचारायला येतो. त्या एका गोष्टीसाठी मी बशीतून चहा पिणं सोडलं, पण आवाज काही सुटला नाही.

वहिनी शेडमध्येच होती, सरपण लावत. केतकीनं मला दारात उभं केलं आणि स्वतः बाहेर थांबली. मी आत गेलो आणि जागीच थबकलो. आढ्याला दोरीनं बांधून दादाची सायकल टांगलेली होती, माझ्या भिंतीला लागून. चौदा वर्षं झालेली सायकल, पण चेन काळीभोर, तेल दिलेली. कुठं गंजाचा ठिपका नाही. मला वाटायचं ती केव्हाच भंगारात गेली.

“वहिनी,” मी म्हणालो, “त्या दिवशी ब्रेक...”

“डावा पुढचा होता,” वहिनी म्हणाली. हातातलं लाकूड तिनं नीट रचलं. “पोलिसांनी सायकल आणून टाकली तेव्हाच दाबून बघितलं मी. हे रोज तेच घोकायचे, उतारावर डावा. म्हटलं बघावं तरी, डाव्यानं असं कसं केलं.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत मला? चौदा वर्षं!”

“मी का बोलू भाऊजी?” ती पहिल्यांदाच माझ्याकडं वळली. “तुम्ही केलं होतंत, तुम्ही सांगायचं. मी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. ते मला नको होतं.”

तिनं हात वर केला आणि सायकलीचं मागचं चाक फिरवून सोडलं.

कट-कट-कट-कट.

मी भिंतीला हात टेकला. माझीच भिंत.

“ऐकू यायचं ना?” वहिनी म्हणाली. “दर वर्षी मीच फिरवायचे. तुम्ही चहाला बसलेले असायचात, कपबशीचा आवाज यायचा मला. वाटायचं, आज उठतील. आज येतील आणि विचारतील, वहिनी, हा आवाज कसला? विचारलं असतंत तरी पुढचं सगळं आपोआप बोलला असतात.”

“मला वाटायचं दादा आहे.”

“दादा कशाला येतील? त्यांना काय माहीत, त्यांचं काय चुकलं ते.”

हे ऐकलं आणि मी ढसाढसा रडलो. लाज सोडून. वहिनी रडली नाही. चाक थांबेपर्यंत तिथंच उभी राहिली.

“मला माफ करा वहिनी.”

“ते नका विचारू,” ती म्हणाली. “रोज करायला घेते. एखाद्या दिवशी होतं, एखाद्या दिवशी होत नाही. पोरीला तिच्या बापाचं खरं सांगितलंत ना? त्याच्यासाठी पाठवलं होतं तुम्हाला तिच्याबरोबर. बसा, चहा टाकते.”

चहा तिनं कपात दिला. बशी दिलीच नाही.

राखाडी सायकल आम्ही घेतली. रियाजभाईंनी दोन दिवस खपून ब्रेकच्या नळ्या बदलून उजव्याला पुढचा करून दिला. मी समोर बसून बघितलं, प्रत्येक ब्रेक दहा दहा वेळा दाबला आणि हँडलला चिठ्ठी बांधली : ‘बदल केला आहे. डावा मागचा, उजवा पुढचा.’ खाली सही. केतकीनं ती काढली नाही. निवडचाचणीला चिठ्ठीसकट उतरली, लोक हसले. तिचा नंबर चौथा आला, निवड तिघांचीच होती. पुढल्या वर्षी झाली.

दादाची सायकल वहिनीनं मला दिली. “न्या तुमच्याकडं. आता तुमची पाळी,” एवढंच म्हणाली. ती माझ्या स्वयंपाकघरात त्याच भिंतीला टांगलेली आहे, अलीकडून. ब्रेक मी बदललेले नाहीत. डाव्याला चिठ्ठी आहे.

दर वर्षी नऊ डिसेंबरला सव्वाचारला मी चाक फिरवतो. पलीकडून वहिनी भिंतीवर एक टिचकी मारते. एखाद्या वर्षी मारते, एखाद्या वर्षी मारत नाही. या वर्षी चाक थांबलं, आणि मी टिचकीची वाट बघत भिंतीला कान लावून उभा राहिलो. पलीकडं वहिनीच्या कपबशीचा आवाज आला. मग तोही थांबला. साडेपाच वाजता बायकोनं येऊन मला खुर्ची दिली.